डिसेप्शन पासची उत्तर भिंत: किनाऱ्यावरून एका डाइव्हची आखणी

वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या उत्तरेला गाडीने दीडेक तासावर, फिडाल्गो आणि व्हिडबी या दोन बेटांच्या मधून पाण्याची एक चिंचोळी वाट जाते. तिचं नाव डिसेप्शन पास. पश्चिमेला हुआन दे फुका सामुद्रधुनीकडचं मोकळं पाणी, पूर्वेला स्कॅजिट बे. दोन्हीकडच्या भरती-ओहोटीची वेळ आणि उंची जुळत नाही, त्यामुळे कधी इकडची पातळी वर तर कधी तिकडची. जिकडे वर, तिकडून पाणी या फटीतून दुसरीकडे धावतं. भरतीचं पूर्वेला, ओहोटीचं पश्चिमेला. मोठ्या दिवशी वेग ८ नॉटच्या घरात जातो, म्हणजे ताशी जवळपास १५ किलोमीटर. वरून १९३५ साली खुला झालेला पूल जातो आणि त्यावर उभं राहून खालचे भोवरे बघायला लोक गाड्या थांबवतात.

याच पाण्याखाली, फिडाल्गोच्या अंगाला, कातळाची एक उभी भिंत आहे. डाइव्हर तिला नॉर्थ वॉल म्हणतात. धावतं पाणी दिवसातून चार वेळा अन्न आणून टाकतं, त्यामुळे भिंतीवर बोट टेकायला जागा नाही. मुठीएवढे बार्नॅकल, स्पंज, हायड्रॉइड, अ‍ॅनिमोन, असे कातळाला चिकटून राहणारे जीव, सगळे एकमेकांच्या अंगावर. फटींमधून पिल्लावस्थेतले प्युजेट साउंड किंग क्रॅब, भडक केशरी रंगाचे. जायंट पॅसिफिक ऑक्टोपसही आहे आणि २०१३ पासून इथे त्याला पकडायला बंदी आहे. २०१२ मध्ये सिएटलच्या सीक्रेस्ट पार्कजवळ एका डाइव्हरने, तेव्हाच्या नियमांत बसत असल्यामुळे, ऑक्टोपस मारून नेला. त्यावरून गदारोळ झाला आणि राज्याने डाइव्हरांच्या आवडत्या सात जागा ऑक्टोपसच्या शिकारीला बंद केल्या. त्यांत ही जागा आहे.

बहुतेक जण इथे बोटीने येतात. बोटीचा फायदा सरळ आहे: तुम्ही कुठेही वर या, बोट तिथे येऊन उचलते. आपल्या प्रकरणातल्या दोघांना मात्र किनाऱ्यावरून जायचं होतं. किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला न्यायला कोणी येत नाही. जिथून उतरला तिथेच त्याला परत यावं लागतं आणि पूर्ण सरंजामात जोर लावून पोहणारा माणूस थोडा वेळच एक नॉट काढतो. सगळी आखणी या दोन गोष्टींच्या मध्ये बसवायची होती.

दोघं म्हणजे मूळची मालवणची, आता रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये असलेली एक बाई आणि तिचा मामेभाऊ. ती इथल्या थंड पाण्यात बरीच वर्षं डाइव्ह करते. तो मालवणला पर्यटकांना पाण्यात नेतो, तारकर्लीला शिकलेला. सप्टेंबरात तो तीन आठवड्यांसाठी आला होता. मी किनाऱ्यावरचा तिसरा माणूस: घड्याळ, दुर्बीण, फोन आणि जाताना-येताना टाक्यांची हमाली.

एक अट ताईने आधीच घातली होती. ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या सूटमध्ये, पहिली डाइव्ह भिंतीवर करायची नाही. मालवणच्या सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तीन मिलिमीटरच्या सूटमध्ये वावरणाऱ्याला दहा-अकरा अंशांचं पाणी, जाड हातमोजे, कमरेला दुप्पट वजन आणि सूटमध्ये खेळणारी हवा, हे सगळं एकदम आलं की बाकीचं कौशल्य निम्म्यावर येतं. म्हणून आठवडाभर एडमंड्सच्या अंडरवॉटर पार्कमध्ये सराव झाला. फेरीच्या धक्क्याला लागून असलेलं हे पार्क १९७० पासूनचं आहे. तिथे तळ उथळ, मार्ग दोरांनी आखलेले. पायात हवा जाऊन उलटं होणं, व्हॉल्व्ह वेळेवर न उघडणं, जे काय व्हायचं ते तिथे होऊन गेलं. तो शांतपणे एका खोलीवर थांबू लागला, तेव्हाच भिंतीचा विषय निघाला.

तारीख त्यानेच सुचवली, आणि ती सुचवण्याची पद्धत अस्सल कोकणी होती.

"ताई, अष्टमी रविवारी असा. म्हणजे भांगाचा पाणी. तेका जोर कितको असतलो?"

कोकण किनाऱ्यावर हा हिशेब लहान पोरालाही येतो. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. सूर्य आणि चंद्र एका ओळीत असले की त्यांची ओढ एकमेकींत मिळते, काटकोनात असले की एकमेकींना खाते. हे वॉशिंग्टनमध्येही खरं आहे. पण तिथे दुसरी एक गोष्ट तितकीच जोरात चालते. चंद्र महिन्यातून एकदा विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला जातो आणि एकदा दक्षिणेला. २०२४-२५ च्या सुमारास तर तो २८ अंशांच्याही पुढे जात होता. हा झुकाव मोठा असला की दिवसातल्या दोन भरत्या सारख्या राहत नाहीत. एक मोठी, एक फुसकी. ओहोट्यांचंही तसंच. ही विषमता कोकणातही आहे, पण उत्तर अमेरिकेच्या या किनाऱ्यावर ती फार ठळक असते.

आता सप्टेंबरचा पेच बघा. विषुवदिनाच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो. अष्टमीला चंद्र त्याच्यापासून ९० अंशांवर, म्हणजे उत्तर किंवा दक्षिण टोकाच्या जवळ. भांग आणि मोठी विषमता एकाच दिवशी येतात. दिवसातले चार प्रवाह सरासरीने नरम, पण त्या चारांत दोन अगदी मवाळ आणि दोन चांगलेच तापट. जूनमध्ये उलटं. जूनच्या अष्टमीला चंद्र विषुववृत्तापाशी असतो आणि चारही प्रवाह साधारण सारखे, मध्यम. म्हणजे "अष्टमी आहे" एवढ्यावर सप्टेंबरात दिवस ठरवला तरी तास ठरत नाही. चुकीच्या तासाला उतरलात तर भांगातही सहा नॉट भेटतात.

ताईचं उत्तर थोडक्यात होतं: "तुझ्या मालवणात ठीक. हंय चंद्राचा गणित थोडा वेगळा असा." मग तिने अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा प्रवाहांचा तक्ता काढला. इथे एक नेहमीची गल्लत टाळायला हवी. भरतीचा तक्ता पाण्याची उंची सांगतो, प्रवाहाचा तक्ता वेग आणि दिशा. पूर्ण भरतीच्या क्षणी पाणी थांबतं असं गृहीत धरून लोक येतात आणि समोर नदी वाहताना बघतात. डिसेप्शन पासमध्ये पाणी थांबतं ते दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की. ती वेळ भरतीच्या तक्त्यात नसते.

त्या रविवारचे आकडे, वाचायला सोपे जावेत म्हणून किंचित गोल करून, असे होते. पहाटेच्या मोठ्या ओहोटीचा सर्वोच्च वेग ६.१ नॉट. सकाळी ८:१० ला स्लॅक, म्हणजे पाणी थांबून दिशा बदलायची वेळ. मग भरती, जास्तीत जास्त ३.४. दुपारी १:४० ला स्लॅक. मग ओहोटी, जास्तीत जास्त २.८. संध्याकाळी ६:५० ला स्लॅक, आणि त्यानंतर पुन्हा ५.९ ची भरती.

उजेडातले तीन स्लॅक. कोणता घ्यायचा?

स्लॅक म्हटलं की डोळ्यांसमोर एक क्षण येतो, पण डाइव्हरला क्षणाचा उपयोग नाही. त्याला हवी असते ती वेगाची एक मर्यादा सांभाळणारी मुदत. ताईने मर्यादा अर्ध्या नॉटची धरली. अर्धा नॉट म्हणजे मिनिटाला पंधरा मीटर. त्याच्याविरुद्ध बरा डाइव्हर न धापता जाऊ शकतो. दोन स्लॅकमधला वेग ढोबळमानाने साइन वक्रासारखा चढतो आणि उतरतो असं धरलं तर मुदत कागदावर काढता येते. ३.४ नॉटची साडेपाच तासांची भरती शेवटच्या साधारण १५ मिनिटांत अर्ध्या नॉटच्या खाली येते. २.८ ची ओहोटी सुरू झाल्यावर १८ मिनिटं त्या खाली राहते. म्हणजे दुपारच्या स्लॅकला मिळून ३३ मिनिटं. सकाळच्या स्लॅकला एका बाजूने ६.१ असल्यामुळे २६ आणि संध्याकाळी २८. आणि मोठ्या उधाणात, दोन्हीकडे साडेसात नॉट असतील तर? जेमतेम १६.

आकड्यांत २६ आणि ३३ चा फरक फार वाटत नाही. खरा फरक उशीर झाल्यावर कळतो. स्लॅकनंतर अर्ध्या तासाने २.८ ची ओहोटी ०.८ नॉटवर आलेली असते. तितक्याच वेळाने ६.१ चा प्रवाह १.४ वर असतो. पहिल्यात दमून-भागून परत येता येतं, दुसऱ्यात नाही.

पण माझ्या मते दुपारची निवड वेगामुळे झाली त्यापेक्षा दिशेमुळे जास्त झाली, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं तेच आहे. उतरायची जागा होती लॉटी बे, भिंतीच्या पश्चिमेचा एक छोटा उथळ कोपरा. भिंत तिथून पूर्वेला, पुलाच्या दिशेने. सकाळी आणि संध्याकाळी ओहोटी संपून भरती सुरू होते. त्या वेळी जाताना मरत्या ओहोटीच्या विरुद्ध पोहावं लागतं आणि जरा उशीर झाला की नवी भरती तुम्हाला पूर्वेला, पुलाखालच्या सर्वांत अरुंद भागाकडे, घरापासून दूर ओढते. दुपारी भरती संपून ओहोटी लागते. जाताना मरती भरती तुम्हाला पूर्वेला हळूच नेते, मध्ये पाणी थांबतं, आणि परतताना कोवळी ओहोटी पश्चिमेला, लॉटी बेकडे आणून सोडते. दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने.

शिवाय लॉटी बे हा मुळात चिखलाचा उथळ कोपरा आहे. पाणी खूप उतरलं की बाहेर येताना फिन काढून गाळातून, पाठीवर टाकी घेऊन, चालत यावं लागतं. भरतीनंतरच्या स्लॅकला पातळी अजून बरीच वर असते. सप्टेंबरातलं सकाळचं धुकं दुपारपर्यंत विरतं, हाही एक फायदा.

तोटा एकच, आणि तो मोठा. रविवारी दुपारचा स्लॅक बोटवाल्यांनाही हवा असतो. शिडाच्या होड्या, कयाक, मासेमारीच्या बोटी, पर्यटकांच्या जेट बोटी, सगळे त्याच अर्ध्या तासात पुलाखालून जातात. म्हणून प्रवाहाच्या मध्यावर वर येणं पूर्णपणे वर्ज्य. वर यायचं ते भिंतीला चिकटून, आणि वर येण्याआधी केशरी सॉसेज, म्हणजे खुणेचा फुगा, सोडून.

किनाऱ्यावरून जायचं म्हणजे चालणंही आलं. गाडी बोमन बेला लावायची. तिथून एका कातळी उंचवट्यावरून चढ-उतार करून वाळूच्या अरुंद पट्टीवर यायचं. एका बाजूला बोमन बे, दुसऱ्या बाजूला लॉटी बे. वाट मॅड्रोनाच्या झाडांतून जाते, लालभडक साल सोलून निघणारी झाडं, बघायला छान. पाठीवर टाकी, कमरेचं वजन हातातल्या पिशवीत, अंगात बंद ड्रायसूट असताना मात्र ती बघितली जात नाहीत. पट्टीवर वाहून आलेले अजस्र ओंडके आडवे पडलेले असतात आणि फिन-मास्क हातात घेऊन ते ओलांडण्यात घोटे मुरगळतात. ताईने म्हणून नियम केला: दोन खेपा, ड्रायसूट गळ्यापर्यंत चढवायचा तो लॉटी बेला पोहोचल्यावर, आणि सामान जागेवर पडल्यापासून पाण्यात पाय घालेपर्यंत किमान अर्धा तास बसायचं. धापा टाकत उतरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत टाकीचा फडशा पाडतो.

शनिवारी भिंतीवर डाइव्ह ठेवलीच नव्हती. हे मला या आखणीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. बहुतेक लोक एवढ्या लांब येऊन नुसतं बघत बसायला तयार होत नाहीत. सकाळी बोमन बेत वजन नीट बसवण्यापुरती एक उथळ डाइव्ह झाली. दुपारी, शनिवारच्या स्लॅकच्या तासभर आधी, आम्ही तिघंही लॉटी बेच्या तोंडाशी कातळावर जाऊन बसलो. काम एकच, केल्पकडे, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळाकडे, बघायचं.

इथे बुल केल्प उगवतं. तळाच्या कातळाला धरलेला लांब दांडा, वर कांद्याएवढा हवेचा फुगा आणि त्यातून सुटलेल्या पात्या. प्रवाह जोरात असला की फुगे पाण्याखाली ओढले जातात, दिसतच नाहीत. वेग उतरला की एकेक करून वर येतात. पात्या ज्या दिशेला पसरतात ती पाण्याची दिशा. शेजारच्याच रोझारियो बीचवर इथल्या मूळ रहिवासी सॅमिश लोकांच्या को-क्वाल-अल्वूटचा कोरीव खांब आहे. ही मुलगी समुद्रातल्या पुरुषाशी लग्न करून पाण्याखाली राहायला गेली, आणि प्रवाहात हलणारं केल्प म्हणजे तिचे केस, अशी त्यांची गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या या काठावर राहिलेल्यांनी केल्पकडे किती निरखून बघितलं असेल ते या गोष्टीतच आहे. ब्रिटिश नौदलाचा जॉर्ज व्हँकूव्हर १७९२ च्या जूनमध्ये इथे आला तेव्हा व्हिडबी हे बेट नसून द्वीपकल्प आहे अशी त्याची समजूत झाली होती. मध्ये आरपार वाट आहे हे कळल्यावर त्याने हे फसवणुकीचं नाव दिलं.

शनिवारी तक्त्यात स्लॅक १२:५० ला होता. भिंतीलगतच्या केल्पच्या पात्या १२:३८ लाच सरळ खाली लोंबू लागल्या आणि थोड्याच वेळात पश्चिमेला वळल्या. मध्यावर मात्र फेसाची रेघ अजून पूर्वेलाच सरकत होती, ती थांबली बारा-पंचावन्नच्या सुमाराला. याचं कारण अवघड नाही. तक्ता अरुंद भागाच्या मध्यावरचा असतो. काठाला, कातळाच्या नाकाडामागे, उलटे फिरणारे भोवरे असतात. मुख्य प्रवाह मंदावला की आधी काठाचं पाणी फिरतं, मध्याचं मागून. वाऱ्यामुळे, हवेच्या दाबामुळे आणि स्कॅजिट नदीच्या पाण्यामुळेही वेळ मागे-पुढे होते.

म्हणून रविवारची वेळ बारा मिनिटांनी अलीकडे ओढली. १:२५ ते १:५८ ऐवजी १:१३ ते १:४६. पाण्यात पाय १:०५ ला, आठ मिनिटं पृष्ठभागावरून तोंडापर्यंत, मग खाली. एका दिवसाच्या निरीक्षणावर एवढा भरवसा ठेवावा का, यावर ताईचं आणि माझं थोडं वाजलं. माझं म्हणणं, दुसऱ्या दिवशी हा फरक पाच मिनिटांचाही असू शकतो. तिचं म्हणणं, असू दे. लवकर उतरून चूक झाली तर भरती थोडी जोरात पूर्वेला नेईल आणि तोंडापाशीच कळेल, कारण तिथे केल्प आहे. उशिरा उतरून चूक झाली तर ओहोटी लॉटी बेच्या पुढे, लाइटहाउस पॉइंटवरून मोकळ्या पाण्यात नेईल, आणि ते उशिरा कळेल. मला हे पटलं.

आता हवा. दोघांकडे ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या, २०० बारला भरलेल्या (बार हे दाबाचं माप). खोलीची मर्यादा १८ मीटर. भिंत त्याखालीही जाते, पण खोल गेलं की हवाही लवकर संपते आणि वर यायला वेळही जास्त. १८ मीटरवर दाब २.८ पट. थंडीत धरून चाललेला खप मिनिटाला २० लिटर, म्हणजे तिथे ५६. आधी राखीव काढायची: एकाची हवा संपली, दोघं घाबरून मिनिटाला तीस-तीस लिटर ओढतायत, एक मिनिट गोंधळात, दोन मिनिटं वर यायला, तीन मिनिटं पाच मीटरवर थांबायला. बेरीज ६६० लिटरच्या थोडी वर, म्हणजे ६० बार. तेवढे हात न लावता ठेवायचे. उरलेले १४० बार म्हणजे साधारण १५५० लिटर. डाइव्हची सरासरी खोली १३ मीटर धरली तर तेहतीस-चौतीस मिनिटं. पाण्याची मुदत आणि हवेची मुदत एकच निघाली. हा योगायोग सुखाचा नाही. दोन्ही एकदम संपणं म्हणजे चुकीला जागा नसणं. म्हणून परत फिरायची हवा १३० बार ठरली.

इथे एक बारीक पण खरी अडचण आली. भावाला बारची सवय. भाड्याच्या गेजवर, म्हणजे टाकीच्या दाबमापकावर, पीएसआय हे अमेरिकी माप. पाण्यात भागाकार करायला कोणाला सांगता येत नाही. त्याने पांढऱ्या टेपवर पेन्सिलने १९०० आणि ९०० एवढेच दोन आकडे लिहून टेप मनगटाच्या स्लेटवर चिकटवली. एकावर परत फिरायचं, दुसऱ्याच्या खाली जायचंच नाही.

परत फिरण्याची तीन कारणं ठरली आणि त्यांतलं जे आधी येईल ते चालेल असंही: १९०० पीएसआय, घड्याळात १:३०, किंवा भिंतीवरचे जीव पश्चिमेला झुकलेले दिसणं. चौथं, न लिहिता सगळ्यांना माहीत असलेलं: दोघांपैकी एकाला नको वाटलं तर कारण न विचारता परत. माझ्याकडे वेगळा हुकूम होता. १:५५ पर्यंत सॉसेज दिसलं नाही तर तटरक्षक दलाला फोन. २:०० नाही, १:५५.

रविवारी धुकं अकराच्या सुमारास उठलं. १:०५ ला ते पाण्यात शिरले. तोंडाशी पोहोचले तेव्हा केल्प पूर्वेला झुकलेलं, पण फुगे सगळे वर. १:१४ ला डोकी दिसेनाशी झाली आणि मला फक्त बुडबुड्यांच्या दोन रांगा उरल्या, कातळाला लागून पूर्वेला सरकणाऱ्या. तेवढ्यात व्हिडबीच्या नौदलाच्या तळावरून ग्राउलर विमानं डोक्यावरून गेली. त्या आवाजात शिट्टी काय, ओरडणंही ऐकू आलं नसतं. वर आल्यावर शिट्टीने खूण करायची असं आधी ठरलं होतं आणि ते किती पोकळ आहे हे मला तेव्हा कळलं.

खालचं त्यांनी नंतर सांगितलं. पहिली पाच मिनिटं भाऊ एका चौरस फुटाच्या पुढे गेलाच नाही. त्याच्या डोळ्यांना मालवणचे कातळ माहीत, इथे मूळ दगड दिसतच नव्हता. किंग क्रॅबचं पिल्लू एका फटीत, पाय आवळून, रंगवलेल्या गारगोटीसारखं बसलेलं. मोठे बार्नॅकल पंखासारखे हात बाहेर फेकून पाणी चाळत होते, आणि त्यांच्या हातांची दिशा हीच ताईची घड्याळाआधीची खूण होती. १:२४-१:२५ च्या सुमाराला ते हात गोंधळल्यासारखे दोन्हीकडे फिरू लागले. पाण्यातला बारीक कचरा जागेवर थांबला. १:२७ ला तो पश्चिमेला निघाला.

त्या वेळी भाऊ एका भेगेपाशी होता. भेगेच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ढीग, म्हणजे आत ऑक्टोपस असण्याची दाट शक्यता. त्याच्या गेजवर २१०० होते, घड्याळात तीन मिनिटं शिल्लक. ताईने परतीची खूण केली. त्याने भेगेकडे बोट दाखवलं. तिने तीच खूण पुन्हा केली, आणि तो निघाला. व्यवसायाने रोज दुसऱ्यांना परत फिरवणारा माणूस होता, त्यामुळे असेल.

परतीत पाण्याने काम केलं, फिन क्वचितच हलवाव्या लागल्या. लॉटी बेच्या तोंडाशी जे नाकाड आहे तिथे मात्र हिशेबात नसलेली गोष्ट भेटली. नाकाडाला वळसा घालणारं पाणी बाहेरच्या बाजूला आणि थोडं खालीही ओढत होतं. अर्धा नॉटही नसेल, पण दिशा वाईट. दोघं कातळाला हाताने धरून, एकामागून एक पकड बदलत, पाच मीटरवर आले आणि नाकाडाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी मेलेलं होतं, तिथे तीन मिनिटं थांबले. सॉसेज मला १:४३ ला दिसलं. त्याच वेळी पर्यटकांची एक जेट बोट बाहेरून गेली. फुगा बघून तिने वेग कमी केला आणि लांबून वळली.

मास्क काढताच त्याचं पहिलं वाक्य: "ताई, अजून तीन मिनटां होती मां?"

"होती. तीच राखून ठेवलंय."

एका तासाने सामान परत नेलं. डाइव्हनंतर लगेच चढावर टाकी वाहणं शरीरातल्या नायट्रोजनच्या दृष्टीने वाईट, म्हणून दोन्ही टाक्या माझ्या वाट्याला आल्या.

आता या आखणीचं मोल. स्लॅकची निवड बरोबर ठरली आणि ती नशिबाने नव्हे. दिशा उलटी असती तर नाकाडाशी झालेली तीच ओढ पुलाकडे झाली असती. बारा मिनिटांचा फरक मात्र नेमका जुळला असं म्हणणार नाही. पाणी १:२७ ला फिरलं, म्हणजे तेरा मिनिटं अलीकडे, पण सलग दोन सारख्या दिवसांवरून नियम काढता येत नाही. मोठ्या प्रवाहाच्या दिवशी काठाचे भोवरे वेगळे असतात आणि हा आकडा तिथे वापरणं धोक्याचं. त्या नाकाडाची जागा आखणीत असायला हवी होती. शनिवारी तासभर कातळावर बसून आम्ही सगळ्यांनी केल्प बघितलं, नाकाडावरून पाणी कसं वळतंय ते कोणी बघितलं नाही. पुढच्या आखणीत परत फिरायची वेळ दोन मिनिटं अलीकडे आणि नाकाड यायच्या आधीच सहा मीटरवर येणं, एवढा बदल लिहिला गेला. शिट्टीच्या जागी हाताची खूण आली: दोन्ही हात डोक्यावर गोल म्हणजे सगळं ठीक, एकच हात हलता म्हणजे मदत हवी.

पुढची तारीख कोणती यावर अजून एकमत नाही. जूनच्या अष्टमीला चारही प्रवाह मध्यम आणि सारखे, त्यामुळे एक स्लॅक हुकला तरी दुसरा तसाच मिळतो. पण जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून स्कॅजिट नदी फुगलेली असते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला प्लवकांमुळे पाणी हिरवं, हातभर पुढचं धूसर. सप्टेंबरात पाणी निवळतं, आणि एक स्लॅक चांगला मिळतो, पण एकच. भाऊ मालवणहून जूनच्या बाजूने आहे, कारण त्याचा तिकडचा हंगाम पावसाने बंद असतो. ताईने अजून तिकीट काढू दिलेलं नाही.